युरोपीय संसदेतली हरित-प्रादेशिक युती
ग्रीन (पर्यावरणवादी) आणि प्रादेशिक पक्षांचा युरोपीय संसदेतला एकत्र गट म्हणजे निव्वळ संख्येची सोय, असं म्हटलं जातं, पण मला ते अर्धंच पटतं. सोय आहेच. गट करायला किमान 23 खासदार आणि एक चतुर्थांश सदस्य देश लागतात. वेल्सच्या प्लाइड कम्री या पक्षाला किंवा फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या पक्षाला हे एकट्याने कुठून जमलं असतं? गट नसला की समित्यांत वजन नाही आणि भाषणाला वेळही तुटपुंजा.

पण 1999 पासून हा संसार टिकलाय, त्यामागे सत्तेचं विकेंद्रीकरण हा खरा समान धागा आहे. भाषेचंच बघा. पाच-साडेपाच लाख वस्तीच्या माल्टाची भाषा संसदेत अधिकृत आहे. स्पेनच्या कॅटलोनियातली कॅटलान भाषा बोलणारे त्याच्या कितीतरी पट, तरी बार्सिलोनाहून निवडून आलेल्या खासदाराला सभागृहात स्पॅनिशमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या अधिकृत भाषेत बोलावं लागतं, कारण कॅटलानला दुभाषीच नाही. मला हे फार लागतं. स्वतःचं राज्य नसलेल्या भाषेची बाजू लावून धरायला हा गट हवाच.

भांडणंही खरी आहेत. बेल्जियममधल्या फ्लेमिश (डच भाषिक) राष्ट्रवाद्यांचा एन-व्हीए हा पक्ष उजवीकडचा, तोही याच गटात होता; 2014 मध्ये तो कॉन्झर्व्हेटिव्ह गटात गेला. ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याने, या गटातले स्कॉटलंडचे तीन आणि वेल्सचा एक खासदार गेला, आणि तेव्हापासून प्रादेशिकांचं पारडं फारच हलकं झालंय. माझी खरी काळजी ती आहे.