थंडीतले ट्रेक आणि थर्मल: तुमची फजिती सांगा

घाटवाट: काल माळा आवरताना माझं राखाडी थर्मल सापडलं, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक, डिसेंबर. पहाटे तीनला निघालो आणि मी 'टोचायला नको' म्हणून थर्मलच्या आत सुती बनियन घातलेलं. चढताना आलेला सगळा घाम त्याने पिऊन ठेवला. माथ्याखाली दहाच मिनिटं थांबलो, तर पाठीला कुणी ओलं फडकं चिकटवल्यासारखं! दात वाजायला लागले. सुती कापड लवकर वाळत नाही हे मला कळलं ते जवळजवळ 12,500 फुटांवर. आता लेक निघालीय जानेवारीत. माझं ऐकत नाही, तुमचं तरी ऐकेल.

सोऱ्या: बनियन 😂😂

पर्वतीवाली: मेरिनो मेंढीच्या लोकरीचं थर्मल घ्या. चार दिवस अंगात होतं, वास नाही. महाग आहे, पण एक जोड पुरतो. फक्त घरी आल्यावर कपाटात कोंबू नका. कसर लागली, बाहीला तीन भोकं. रडूच आलं.

निवांत: आमच्या सासूबाई पुण्यात 9 डिग्री झालं की मेथीचे लाडू करतात आणि थर्मल घालून गच्चीत बसतात. ट्रेक वगैरे काही नाही.

पर्वतीवाली: लाडू पाठवा.

उकडीचा_मोदक: लेडीज म्हणून देतात ते कितीदा जेंट्सचंच असतं, गुलाबी रंगात. टॉप आखूड, वाकलं की पाठ उघडी. मी आता दुकानात घालून उकिडवी बसते, हात वर करते. सेल्सगर्ल बघत राहते, बघू दे. अंगाला लागून बसलं पाहिजे, पण गुडघ्यामागे आवळायला नको. आणि शिवण खांद्यावर नको, सॅकचा पट्टा तिथेच घासतो.

मुक्ता_क: ब्राबद्दल कोणी बोलतच नाही! थर्मल अंगावर वाळतं, फोमची ब्रा ओलीच. आता बिनफोमची सिंथेटिक, दोन. दुसरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपते, सकाळी बर्फासारखी लागत नाही.

घाटवाट: हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

निवांत: एकसंध सूट अजिबात नको. पहाटे तंबूबाहेर जायचं, वरपासून सगळं उतरवायचं... पुढचं लिहीत नाही. कुकर लावलाय, येते.

टेकडीकर: जाड, आतून फर असलेलं चढायला नको, पाऊण तासात उकडतं. पातळ थर्मल, वर फ्लीस (मऊ, उबदार सिंथेटिक कापडाचं जाकीट), वर वारा अडवणारं जाकीट. जाड जोड झोपायला, कोरडाच ठेवायचा, त्यात चालायचं नाही म्हणजे नाही.

सोऱ्या: सिंहगडाला काय घालू?

टेकडीकर: चपला. आणि पिठलं-भाकरीला सुट्टे पैसे.

घाटवाट: लेकीने वाचलं. बनियनचा फोटो मागतेय. कसरीला डांबर गोळ्यांऐवजी कडुलिंबाचा पाला चालतो का? हा वास दोन धुण्यांत गेला नाही.