फीचर म्हणजे ‘वैशिष्ट्य’? भूस्थानिक भाषांतरात अडलेला एक शब्द

तिठा

मंडळी, एका शब्दापाशी आठवडाभर अडून बसले आहे. उपग्रहांची माहिती सिमँटिक वेबच्या, म्हणजे तिचा अर्थ यंत्रालाही कळेल अशा, पद्धतीने कशी साठवायची, यावर भूगोलाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी चाळीसेक पानांचे टिपण मराठीत करते आहे. उदाहरण ग्रीसमधल्या वणव्यांचे घेतले आहे. पहिला खर्डा तपासायला दिला, तेव्हा तपासणाऱ्यांनी प्रत्येक ‘फीचर’ खोडून तिथे ‘वैशिष्ट्य’ लिहिले. त्यामुळे एक वाक्य असे झाले: ‘प्रत्येक वैशिष्ट्याला एक किंवा अनेक भूमिती असतात.’

हे वाचून कोणाला काय कळणार? जिओस्पार्कल या भूस्थानिक माहितीसाठीच्या २०१२च्या मानकात फीचर म्हणजे जमिनीवरची गोष्टच: तळे, रस्ता, जंगलाचा तुकडा, पेटलेला डोंगर. भूमिती म्हणजे त्या गोष्टीची कडा दाखवणारे बिंदू, रेषा, बहुभुज. हा भेद विद्यार्थ्याच्या डोक्यात पहिल्याच पानावर पक्का बसला पाहिजे. नाहीतर पुढची एकोणचाळीस पाने वाया.

तर फीचरला काय म्हणावे? आणि जमल्यास ‘ऑन्टॉलॉजी’चेही बघा, म्हणजे कोणत्या प्रकारच्या गोष्टी असतात आणि त्यांचे नाते काय, याच्या यंत्रासाठी केलेल्या मांडणीचे. तिथे मला ‘सत्तामीमांसा’ सुचवले गेले आहे.

अक्षांश

‘वैशिष्ट्य’ चूकच आहे. यंत्रशिक्षणात (मशीन लर्निंग) फीचर म्हणजे गुण, तिथे तो शब्द चालेल. नकाशात चालणार नाही.

मी शिकवताना लोणारचे उदाहरण देतो. लोणारचे सरोवर हे फीचर. पावसाळ्यानंतरच्या प्रतिमेत त्याची कडा बाहेर सरकते, मे महिन्यात आत येते. दर प्रतिमेगणिक नवा बहुभुज, पण सरोवर तेच. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याचा रंग, म्हणजे गुण बदलला. तरीही सरोवर तेच. सरोवराला वेबवरचा एक कायमचा पत्ता द्यायचा आणि भूमिती, तारखा, रंग त्या पत्त्याला जोडत जायचे, हीच सगळी पद्धत. त्या ‘तेच’पणाला शब्द हवा आहे. मी ‘भूघटक’ वापरतो.

बाराखडी

घटक म्हटले की कशाचा तरी भाग वाटतो. लोणार कशाचा घटक?

पदपाठ

आपल्याकडे यासाठी शब्द घडून दोन हजार वर्षे होत आली: पदार्थ. पद अधिक अर्थ, म्हणजे नावाने ज्याचा निर्देश होतो ते. सिमँटिक वेबमध्ये दुसरे काय असते? एक पत्ता असतो आणि तो ज्याचा निर्देश करतो ती गोष्ट असते. वैशेषिकांनी जगाची मांडणी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, अभाव अशी सात पदार्थांत केली. ऑन्टॉलॉजी म्हणतात ती हीच. मी तिला ‘पदार्थव्यवस्था’ म्हणेन. ‘सत्तामीमांसा’ तत्त्वज्ञानाच्या वर्गात ठीक आहे. इथे ‘सत्ता’ शब्दाने वाचक राजकारणात जाऊन पोहोचेल.

सातव्या पदार्थाकडे मुद्दाम लक्ष वेधतो. एखादे विधान नोंदीत नाही म्हणून ते खोटे, असे सिमँटिक वेबमध्ये मानत नाहीत. नोंदीचा अभाव वेगळा आणि अभावाची नोंद वेगळी. वर ढग असतील तर उपग्रहाला आग दिसत नाही. ‘आग नाही’ असे मात्र त्याने सांगितलेले नसते. हा फरक विद्यार्थ्यांना अभावाच्या अंगाने सांगितला तर चटकन पटेल.

तिठा

अभावाचा मुद्दा टिपणात घेते, फार आवडला. पण ‘पदार्थ’ वाचून आजच्या मुलांना खायचे पदार्थ आठवतील, आणि थोडे वय असलेल्यांना शाळेतले पदार्थविज्ञान. तिसरा अर्थ त्या शब्दाला पेलेल का?

बाराखडी

मग ‘जिन्नस’ घ्या. हा अरबी ‘जिन्स’वरून आला आणि तिथे त्याचा अर्थ जात, प्रकार. त्याच्याही मागे ग्रीक ‘गेनोस’ आहे. म्हणजे वर्ग आणि वस्तू हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, आणि उदाहरणही ग्रीसचेच आहे.

पदपाठ

वर्ग आणि वस्तू यांत गल्लत होऊ नये म्हणून तर ऑन्टॉलॉजी लिहायची. दोन्ही अर्थ वाहणारा शब्द नेमका तिथेच घातक. शिवाय घरात शब्द असताना अरबीच्या दारात का जायचे? शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी.

साखळी३३

भूमापनात अठ्ठावीस वर्षे काढली, म्हणून बोलतो. नकाशा अरबी, हद्द अरबी, जमीन फारसी. हे काढून टाका आणि मोजणीचा एक पंचनामा लिहून दाखवा. ‘पंचनामा’तला ‘नामा’ही फारसी. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. हे शब्द कुठल्या घरून आले ते आम्हाला कधी कोणी विचारले नाही. मोजणी बरोबर आली की नाही, एवढेच विचारले.

आता मुद्द्याचे. सगळ्यांना मिळून एक शब्द आम्हाला कधी लागलाच नाही. मोजणीच्या टिपणावर बांध दाखवायचा, विहीर दाखवायची, ओढा, पांदण, शीव दाखवायची. प्रत्येकाला आपले नाव होते. ‘फीचर’ हा शब्द संगणक आल्यावर आला आणि आम्ही तो तसाच बोलू लागलो. तसाच ठेवावा असे माझे मत.

अक्षांश

साखळी३३ यांच्याशी अर्धा सहमत. माणसाला बांध आणि शीव वेगळे दिसतात. यंत्राला ते सांगावे लागते, आणि सांगायचे तर दोघांच्या वर एक सर्वसाधारण वर्ग लागतोच. त्या वर्गाला नाव हवे.

एक सावधगिरी: आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या व्याख्येत फीचर म्हणजे ‘खऱ्या जगातल्या गोष्टीचे अमूर्त रूप’. प्रत्यक्ष गोष्ट नव्हे. त्यामुळे कोणी ‘भूवस्तू’ सुचवणार असेल तर तेही काटेकोर नाही.

तिठा

‘भूवस्तू’च सुचवणार होते! असो. आणखी एक अडचण इथेच मांडते. आरडीएफमध्ये, म्हणजे सिमँटिक वेबची माहिती लिहायच्या साच्यात, प्रत्येक विधान तीन पदांचे असते. तपासणाऱ्यांनी ‘कर्ता, विधेय, कर्म’ असे केले आहे. ‘आगीच्या या ठिपक्याचे ठिकाण अमुक’ यात कोण कर्ता, कसले कर्म?

पदपाठ

‘विधेय’ तर नकोच. मराठी व्याकरणात वाक्याचे दोन भाग, उद्देश्य आणि विधेय, आणि कर्म विधेयाच्या पोटात येते. आरडीएफमध्ये मधले पद वेगळे आणि शेवटचे वेगळे. मधल्याला सरळ ‘संबंध’ म्हणा.

बाराखडी

‘संबंध’ला +१. दोघांचे एका शब्दावर एकमत झाले, याची नोंद घ्यावी.

कातळसडा

मी रत्नागिरीकडचा, संगणकातले फारसे कळत नाही. वणवा शब्द दिसला म्हणून आलो. ग्रीसमध्ये उपग्रह आग कशी ओळखतो, कोणी सोप्या भाषेत सांगेल का? विचारण्याला कारण आहे, ते नंतर सांगतो.

तिठा

सांगते, टिपणातला तोच भाग सध्या हातात आहे. ऑगस्ट २००७मध्ये पेलोपोनीजमध्ये भीषण वणवे लागले होते. पुढे २०१०मध्ये टेलिओस नावाचा युरोपीय प्रकल्प सुरू झाला. त्यात अथेन्सची राष्ट्रीय वेधशाळा आणि अथेन्स विद्यापीठ होते. मेटिओसॅट हा भूस्थिर उपग्रह, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. त्याच्यावरचा सेव्हिरी संवेदक दर पंधरा मिनिटांनी प्रतिमा देतो. ३.९ आणि १०.८ मायक्रॉन या दोन पट्ट्यांतल्या तापमानांची तुलना करून प्रतिमेतले तापलेले चौकोन, म्हणजेच आगीचे ठिपके, वेगळे काढतात. पण ग्रीसवर तो चौकोन तीन-चार किलोमीटरचा पडतो. त्यामुळे किनाऱ्याजवळची आग कधी अर्धी समुद्रात दिसते, कधी पूर्ण समुद्रात.

इथे सिमँटिक वेब कामाला येते. ठिपके, किनाऱ्याची रेषा, कोरिन या युरोपीय नकाशातले भूआच्छादन (कुठे जंगल, कुठे शेत), गावांच्या सीमा, सगळे तीन पदांच्या विधानांत एकत्र ठेवले. अथेन्स विद्यापीठाने त्यासाठी केलेल्या कोठाराचे नाव स्ट्रॅबॉन, प्राचीन ग्रीक भूगोलवेत्त्याचे. मग प्रश्न विचारायचा: पूर्णपणे समुद्रात पडणारे ठिपके कोणते? ते काढून टाका. अर्धे बाहेर असलेले किनाऱ्याशी कापा. आग लागणे शक्यच नाही अशा भूआच्छादनावरचेही गाळा. आधी हे प्रत्येक वेळी वेगळा कार्यक्रम लिहून करावे लागे. आता दोन-चार ओळींचा प्रश्न पुरतो, कारण समुद्र म्हणजे काय आणि जंगल म्हणजे काय हे माहितीतच लिहिलेले असते.

कातळसडा

आभारी आहे, ताई. आता माझे कारण. आमच्या घरी अजून राब भाजतात, म्हणजे भाताची रोपे करायच्या तुकड्यावर पालापाचोळा जाळतात. दोन वर्षांमागे एप्रिलमध्ये काकांनी राब पेटवला आणि दुपारपर्यंत वनरक्षक दारात. त्यांच्या मोबाइलवर आगीचा संदेश आला होता, उपग्रहावरून. काकांना काही सुचेना. त्यांचे एकच म्हणणे: ‘हा वणवा नाय, राब हाय.’ वनरक्षक भला माणूस, बघून गेला. पण नोंदीत तो ठिपका वणवा म्हणूनच राहिला असणार, याचे मला अजून वाईट वाटते. काकांनी आयुष्यात डोंगराला काडी लावलेली नाही.

अक्षांश

तो ठिपका बहुधा व्हीर्स नावाच्या, दुसऱ्या उपग्रहांवरच्या संवेदकाचा असेल. त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर, आपल्या हिशेबात १,३९० गुंठे. राब दोन-चार गुंठ्यांचा असला तरी आच पुरेशी असेल तर सगळा चौकोन पेटता नोंदला जातो, आणि नकाशावर ठिपका चौकोनाच्या मधोमध टाकतात. तो मध्य शेजारच्या जंगलात पडला असेल, तर यंत्राच्या दृष्टीने जंगलच पेटले.

तुमचे काका जे बोलले, तेच ऑन्टॉलॉजीत लिहायचे असते. ‘राब हा आगीचा प्रकार आहे. राब वणवा नाही. राब लावलेला असतो, शेताला जोडलेला असतो, पावसाळ्याआधी असतो.’ ही पाच विधाने यंत्राला दिली आणि ठिपक्याला शेताची सीमा आणि तारीख जोडली, तर निदान ‘हा राब असू शकेल’ असा शेरा संदेशाबरोबर जाऊ शकतो.

साखळी३३

आणि माळाचे काय करणार? आमच्या तालुक्यात पडीक म्हणून रंगवलेल्या जमिनीवर मेंढरे चरतात, माळढोक असत तिथे एकेकाळी. पडीक जमिनींच्या देशपातळीवरच्या नकाशांत झुडपी आणि गवताळ रान पडीकच्या खात्यात गेले आहे. मेंढपाळाला विचारा, तो माळाला पडीक म्हणणार नाही. एकदा वर्गाला नाव पडले की त्या नावाने पुढचे सगळे ठरते: झाडे कुठे लावायची, सौर पट्ट्या कुठे बसवायच्या.

पोंय

गोव्यातून लिहितो आहे. खाजणाला कोणत्या खान्यात घालणार? भरतीच्या पातळीखालची जमीन, बांध घालून राखलेली, पाणी आत-बाहेर करायला मानस. पावसात भात, उन्हाळ्यात मासे, काही ठिकाणी मीठ. ऑगस्टच्या प्रतिमेत शेत, मार्चच्या प्रतिमेत पाणी. वर लोणारचे सांगितले त्याच न्यायाने हे एकच फीचर आहे, पण इथे कडा आणि रंग नव्हे, वर्गच ऋतूप्रमाणे बदलतो. आमच्याकडे कोणीही त्याला कधी शेत, कधी तळे म्हणत नाही. बारा महिने ते खाजणच.

पदपाठ

खाजणाचे उदाहरण उत्तम. त्यासाठी विधानाला काळ जोडावा लागेल: अमुक महिन्यांत अमुक अवस्था. वर्ग एकच, खाजण. अवस्था अनेक.

अक्षांश

स्ट्रॅबॉनमध्ये ती सोय आहे. विधान कोणत्या काळात खरे, तो काळ विधानालाच जोडता येतो.

बाराखडी

अवांतर: ‘वणवा’ आणि ‘वणवण’ यांचा संबंध असावा असे मला फार वर्षे वाटते. वणव्यात सापडलेले जनावर जसे सैरावैरा फिरते, ती वणवण. आजी तसेच सांगायची.

पदपाठ

आजींचा मान राखून सांगतो, पटत नाही. ‘वणवा’त वन उघड दिसते. ‘वणवण’ हा फणफण, भणभण यांसारखा द्विरुक्त शब्द वाटतो. रानोमाळ भटकणे असा त्याचा वनाशी संबंध जोडता येईल फार तर, पण आगीशी नाही.

बाराखडी

रानोमाळ म्हणजे रान आणि माळ. पुन्हा साखळी३३ यांचा माळ आलाच. लोकांनी ही दोन वेगळी धरली होती, हे तरी मान्य करा.

पदपाठ

ते मान्य.

तिठा

मूळ प्रश्न राहिलाच आहे, पण मला आता टिपणात एक पान वाढवावेसे वाटते आहे: ग्रीसचे समुद्रातले ठिपके आणि त्यांच्याशेजारी राब. कातळसडा, तुमच्याकडे राब नेमका कसा रचतात? शक्य तितके बारकाव्याने सांगा. कोणत्या महिन्यात, किती दिवस, आणि प्रत्येक गोष्टीला शब्द काय?

कातळसडा

कवळ तोडायची ती थंडीत. आईन, किंजळ यांच्या फांद्या. त्या वाळत टाकायच्या. मार्चपासून पुढे, सवड होईल तशी भाजावळ. खाली शेण, त्यावर कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यांच्या वर मातीचा थर. मातीमुळे जाळ वर उसळत नाही, आत धुमसत राहतो आणि राख वाऱ्याने उडत नाही. पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग हळूहळू सरकते. एकजण पाण्याची कळशी आणि ओला डहाळा घेऊन उभा असतोच. पाऊस पडला की त्याच तुकड्यात भात पेरायचे, आणि रोपे हातभर झाली की काढून लावणी.

त्या वरच्या मातीच्या थराला काका काहीतरी वेगळा शब्द वापरतात, आत्ता आठवत नाही. रविवारी फोन करून विचारतो. पालघर, जव्हारकडचे कोणी असाल तर तुमच्याकडे काय म्हणतात ते लिहा.