हत्तीरोगाच्या गोळ्या मोरीत टाकणाऱ्या सुशिक्षितांस

रात्रीचा_लॅबवाला (धागाकर्ता)

आमच्या नागपुरातल्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका शेजाऱ्यांनी काल हे टाकलं. जसंच्या तसं देतो:

"आज आशाताई आल्या होत्या. दारात उभं करून काठीने उंची मोजली, जणू पोलीस भरती! मग मूठभर गोळ्या हातावर ठेवल्या. आमच्या घरात कुणालाही हत्तीपाय नाही, खिडक्यांना जाळ्या आहेत, रोज मशीन लावतो. निरोगी माणसाने औषध का घ्यावं? कुणाचा माल खपवताय? 'जेवून घेतो' म्हणून गोळ्या ठेवून घेतल्या, बोटाला शाई लावून घेतली आणि ताई वळल्यावर मोरीत सोडल्या. सुज्ञांनी विचार करावा."

खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक डॉक्टरीणबाईंचाही अंगठा, म्हणून हा धागा.

मी विदर्भातल्या एका जिल्ह्यात तेवीस वर्षं हत्तीरोगासाठी रक्ताच्या काचपट्ट्या बघितल्या. हत्तीरोग जंतामुळे होतो आणि त्या जंताची पिल्लं रात्रीच बोटातल्या रक्तात येतात, म्हणून रात्री साडेआठ-नऊला निघायचं, घरोघर टोचत बारा वाजायचे. कुत्री मागे लागायची. एका गावात मुलं पळवणारी टोळी समजून आम्हाला समाजमंदिरात कोंडलं होतं. असो.

सांगायचं ते हे. ज्याचा पाय सुजलाय, त्याच्या रक्तात बहुतेक वेळा पिल्लं सापडतच नाहीत. तो भोगतो, पण पसरवत नाही. पसरवणारा धडधाकट असतो. माझ्या पट्ट्यांवर जांभळ्या दोऱ्यांसारखे मायक्रोफायलेरिया, म्हणजे हीच पिल्लं, दिसले ते कबड्डी खेळणाऱ्या पोरांच्या, लग्न ठरलेल्या मुलींच्या, एकदा तर आमच्याच ड्रायव्हरच्या रक्तात. एकालाही काही होत नव्हतं. मोठा जंत अंगातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांत पाच-सात वर्षं जगतो आणि पिल्लं सोडत राहतो. डास ती उचलतो, दहा-चौदा दिवसांत ती त्याच्या अंगात तयार होतात, मग पुढच्याला. 'घरात कुणालाही हत्तीपाय नाही' या वाक्याचा अर्थ शून्य आहे.

आणि उंची. दारोदार वजनकाटा घेऊन फिरणं जमत नाही, म्हणून या गोळ्यांतल्या आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवरून ठरवतात. पोलीस भरती नाही ती.

---

परखड_पाटील

लेख छान, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. विदर्भात २००४ पासून गोळ्या वाटताय. २००२ च्या आरोग्य धोरणात २०१५ पर्यंत हत्तीरोग संपवू असं लिहिलं होतं. आता म्हणे २०२७. इतकी वर्षं लोकांच्या घशात गोळ्या घालून रोग जात नसेल तर चूक मोरीत टाकणाऱ्याची की योजनेची? आमच्या कारखान्यात एखादं मशीन वीस वर्षं बिघडतच राहिलं तर आम्ही ऑपरेटरला दोष देत नाही.

दुसरं, 'आमच्यासमोर गिळा' ही कुठली भाषा? माझं शरीर आहे. बायको गरोदर असती तर? विचारलं का कुणी?

---

रात्रीचा_लॅबवाला

विचारतात. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, फार आजारी माणूस, यांना देत नाहीत. तुमच्याकडे विचारलं नसेल तर ती चूक, मान्य.

'समोर गिळा' हा नियम नंतर आणला, कारण आधी गोळ्या वाटून येत होते आणि रजिस्टरमध्ये 'खाल्ल्या' असं चढत होतं. वीस वर्षं का लागली याचं अर्धं उत्तर तुमच्या मोरीत आहे. श्रीलंकेने २००२ ते २००६ अशा पाच फेऱ्या केल्या. तोच जंत, तोच डास. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना मोकळं जाहीर केलं. तिथल्या लोकांनी गिळल्या, साहेब.

---

सावजी_तर्री

दोघेही बरोबर आहात अन् दोघेही फुकटचे भांडून राहिले. डास कुठून येते ते बोला नं! आमच्या घरामागचा नाला चार वर्षांपासून उघडा आहे. निवडणुकीच्या आधी जेसीबी आला, गाळ काढून काठावर ठेवला, पावसात तोच गाळ परत नाल्यात. गोळ्या काय खाता, आधी नाला बुजवा. फॉगिंगवाला येते, धूर सोडते, पोट्टे मागं धावते, फोटो काढते अन् जाते. संध्याकाळी सातला डास परत हजर, जसा काही हाजरीचा टाइम आहे.

---

निवृत्त_ओव्हरसियर

शेवटी कुणीतरी डासावर आलं. पण नाल्यापेक्षा मोठा कारखाना प्रत्येकाच्या घरात आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही: सेप्टिक टँकचा गॅसपाईप. हत्तीरोगाचा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. टाकीतून पाईपवाटे थव्याने वर येतो. संध्याकाळी गच्चीवर पाईपच्या तोंडाला पांढरी पिशवी बांधून बघा, सकाळी आत काय जमतं ते. मी आमच्या ४२ घरांच्या लेआउटमध्ये दारोदार फिरून जाळ्या बसवल्या. पाच वर्षं झाली. ज्या सात घरांनी नाही म्हटलं, त्यातल्या चार घरी शिकलेले लोक आहेत. एकाचं म्हणणं, जाळीने वास्तू बिघडते!

---

परखड_पाटील

ओव्हरसियर साहेब, जाळी लावली की पाईप चोंदतो. माझ्या मेहुण्याने लावली, सहा महिन्यांत संडासचं पाणी उतरेना. प्लंबरने काढून फेकली आणि दीड हजार घेतले.

---

निवृत्त_ओव्हरसियर

मेहुण्याने नायलॉनचा फडका दोऱ्याने करकचून बांधला असेल. उन्हात तो चिकटतो, त्यावर जळमटं धरतात. स्टेनलेसची जाळी घ्या, टोपीसारखी ढिली बसवा, वर्षातून दोनदा ब्रशने झटका. पाणी उतरत नव्हतं ते टाकी भरली म्हणून. टाकी किती वर्षांत उपसली नव्हती, विचारा त्याला.

---

परखड_पाटील

विचारलं. अकरा वर्षं. पण तरी जाळीचा संबंध नाकारता येत नाही.

---

सावजी_तर्री

😂 अकरा वर्षं! बाप्पा, मेहुण्याच्या टाकीत डासच काय, मगर निघन.

---

कट्ट्यावरची_आजी

स्टेनलेसची जाळी आमच्याकडची चोरीला गेली. गच्चीवरून! भंगारवाले काय काय नेतात. आता जुनी नायलॉनची साडी बांधली आहे, नवी जाळी आणा म्हटलं की सून हसते.

---

आशाची_लेक

इथे जाळीवर वीस प्रतिसाद आले आणि जिची उंचीची काठी हास्याचा विषय झाली तिच्याबद्दल एकही नाही.

माझी आई आशा आहे. तुमच्या फेब्रुवारीच्या फेरीत ती सकाळी घर सोडते. दाराला खडूने नंबर, रजिस्टर, बोटाला शाई, आणि प्रत्येक घरी तेच संवाद. 'आत्ताच चहा घेतला, उपाशीपोटी नको म्हणता ना? मग संध्याकाळी या.' संध्याकाळी गेलं तर 'साहेब झोपलेत'. बंगल्यांतून तर कुत्रा सोडतात. झोपडपट्टीत बाया पाणी घेऊन उभ्या राहतात, तिथे अर्ध्या तासात गल्ली होते. त्या फेरीचा तिला किती मोबदला मिळतो ते सांगितलं तर तुम्हाला लाज वाटेल, म्हणून सांगत नाही.

गेल्या वर्षी एका साहेबांच्या मुलाला गोळी घेतल्यावर उलटी झाली. त्यांनी आईला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. आई रात्री साडेनऊला त्यांच्या घरी जाऊन बसली. मुलगा मोबाईलवर गेम खेळत होता.

---

परखड_पाटील

ताई, तुमच्या आईंबद्दल मी एक शब्द लिहिला नाही. माझं भांडण धोरणाशी आहे. पण उलटी झाली हे तुम्हीच मान्य केलंत. म्हणजे औषध त्रास देतं.

---

रात्रीचा_लॅबवाला

देतं, कधीकधी. ताप, मळमळ, गरगरणं. उपाशीपोटी घेतलं तर जास्त. पण एक गंमत ऐका. अंगात पिल्लं जितकी जास्त, तितका त्रास जास्त, कारण ती एकदम मरतात. म्हणजे उलटी झालेल्या काहींना गोळीची सगळ्यात जास्त गरज होती. प्रत्येक उलटीचं तेच कारण असतं असं नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या त्या पोराला गल्लीत हत्तीरोगी ठरवाल.

---

मांडवी_किनारा

गोंयहून लिहितोय. तुमच्या ग्रुपमधल्या अंगठेवाल्यांना एक विचारा. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देऊ असं जाहीर केलं. कोरोनासाठी! जागतिक आरोग्य संघटना नको म्हणत होती. तेव्हा लोक मेडिकलमध्ये रांगा लावून तीच गोळी मागत होते, उंची न मोजता. आता ज्या जंतासाठी ती खरोखर चालते, तिथे मात्र 'कुणाचा माल खपवताय'? मूळ कंपनी ती १९८७ पासून आफ्रिकेत नदीअंधत्व या जंताच्याच आजारासाठी फुकट देते आहे.

---

परखड_पाटील

फुकट दिलेलं सगळ्यात महाग पडतं, हे कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा.

---

मांडवी_किनारा

मग विकत घ्या नि खा. गोळी तीच.

---

पेठेतला_प्रश्नार्थी

मी जन्मापासून पुण्यात. आमच्या घरी कधीही कुणी या गोळ्या घेऊन आलं नाही. एवढं गंभीर असेल तर आमच्याकडे का नाही?

---

सावजी_तर्री

कारण हत्तीरोग विदर्भाच्या वाट्याला आला नं भाऊ! सिंचन तिकडं, कारखाने तिकडं, आमच्याकडं अनुशेष अन् हत्तीपाय. आमच्या गोळ्या मात्र तुमच्याकडे वळवल्या नाहीत, हे उपकारच.

---

रात्रीचा_लॅबवाला

सावजी, इथे अनुशेष आणू नका. जिथे रक्तपाहणीत रोग सापडतो तिथेच गोळ्या वाटतात. पालघर, ठाणे, सोलापूरकडेही आहे.

पण तुमच्या नाल्याला उत्तर द्यायचं राहिलं. नाला बुजवा, पाईपला जाळी लावा, दोन्ही हवं. फरक एवढाच की डास उद्या सगळे मेले तरी माणसांच्या अंगातला जंत पाच-सात वर्षं जिवंतच राहील, आणि डास परत आले की गाडी पुन्हा सुरू. गोळी थेट पिल्लांवर जाते. शिवाय हा जंत मलेरियासारखा डासात वाढून शंभराचे हजार होत नाही. एक पिल्लू गेलं की पुढचा एक जंत कमी. त्यामुळेच हा रोग संपवता येतो.

---

मृण्मयी_व

मी वाचत होते, लिहिणार नव्हते.

माझ्या सासरी एक आत्या होत्या. आमच्या लग्नात त्या व्हिडिओत कुठेच नाहीत, कारण त्या पूर्ण वेळ स्वयंपाकघरात पाटावर बसून होत्या, पायावर लुगडं ओढून. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली उशीएवढा होता. लग्न झालं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लाल व्हायचा, घरात सगळे 'आत्याला पाय आला' म्हणायचे, जसा पाहुणा यावा.

शेवटच्या काही वर्षांत एका आरोग्य सेविकेने त्यांना पाय धुवायला शिकवलं. साबण, कोमट पाणी, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, झोपताना पाय उशीवर. बस. ताप येणं जवळजवळ थांबलं. पाय काही लहान झाला नाही. आत्या म्हणायच्या, एवढंच होतं तर वीस वर्षांपूर्वी का नाही कुणी सांगितलं.

पाटील, तुम्ही म्हणता शरीर माझं आहे. आत्यांचंही होतं. त्यांना कुणाच्या अंगातून चावलेल्या डासाने दिला, ते कुणालाच माहीत नाही.

---

परखड_पाटील

यावर वाद घालणार नाही. वाईट वाटलं.

पण, आणि हा पण ठेवावाच लागेल, भावनिक गोष्टीने आकड्यांचा प्रश्न सुटत नाही. लॅबवाले, तुम्हीच वर मान्य केलंत की न खाता 'खाल्ल्या' चढत होतं. मग फेरीनंतर वर्तमानपत्रात येणाऱ्या टक्केवारीवर मी का विश्वास ठेवू?

---

रात्रीचा_लॅबवाला

ठेवू नका. मीही ठेवत नाही. म्हणूनच शेवटी टक्केवारीवर भागत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांचं रक्त तपासतात, कारण गोळ्यांच्या काळात जन्मलेल्या मुलात जंत निघाला तर रोग अजून फिरतोय. पोराच्या बोटातला थेंब रजिस्टर बघत नाही. तुमच्या कारखान्यात अशी तपासणी असेल तर कळवा.

---

परखड_पाटील

आहे. दर शिफ्टला. पण तुम्ही सात वर्षांनी करता.

ठीक आहे. फेरी परवापर्यंत आहे म्हणे. आशाताईंना फोन करतो. जेवून घेईन, समोर घेईन, शाई लावून घेईन. उलटी झाली तर या धाग्यावर येऊन सविस्तर वर्णन करीन, याची नोंद घ्यावी.

---

आशाची_लेक

फोन केल्याशिवायही ती परत येणारच आहे. मोकळा कुत्रा असेल तर तेवढा बांधून ठेवा.

---

कट्ट्यावरची_आजी

ते सगळं झालं, पण ओव्हरसियर भाऊ, जाळी टोपीसारखी ढिली बसवायची म्हणता, मग वाऱ्याने उडत नाही का? आमची चोरीला गेली की उडाली, आता मला शंका यायला लागली आहे.

---

निवृत्त_ओव्हरसियर

खाली क्लिप लागते, आजी. फोटोसकट वेगळा धागा काढतो आज रात्री.