मदत हवी आहे: स्थानिक दैनिकातल्या चुकांची तक्रार नेमकी कशी मांडावी?

नागपूरच्या एका दैनिकात (नाव मुद्दाम देत नाही) हल्ली संपादनाचा हात फिरतच नाही असं दिसतं. टंकदोष समजू शकतो. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये नेताना ‘दुसऱ्या’चा अर्धा र आणि रफार हटकून बिघडतात, आणि ते न वाचताच छापलं जातं. पण ‘कारवाई’च्या जागी ‘कार्यवाही’ आली की बातमीचा अर्थच फिरतो. शहराला पोलीस आयुक्त, ग्रामीणला अधीक्षक, एवढंही तपासत नाहीत! मनपाचं काम नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) नावावर जातं ते वेगळंच.

प्रेस कौन्सिलकडे जाण्याआधी संपादकांना लेखी कळवावं लागतं, आणि दैनिकाबाबत प्रसिद्धीपासून 2 महिन्यांत तक्रार करावी लागते. म्हणून प्रत्येक कात्रणावर तारीख, आवृत्ती, पान लिहून ठेवणं सुरू आहे.

आता विचारायचंय ते हे: पहिल्या पत्रात फक्त तथ्यांच्या चुका द्याव्यात की शुद्धलेखनही? माझ्या मते शुद्धलेखन घातलं की पत्र थेट टोपलीत. शहर आणि ग्रामीण आवृत्तीत एकच बातमी वेगळी असेल तर दोन्ही कात्रणं जोडायची का? कुणाकडे अशा पत्राचा मसुदा असेल तर कृपया टाका.