विषय: पुण्यात बाबांचा जुना लॅपटॉप, काय टाकू?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात पुण्याला चाललेय. सदाशिव पेठेत बाबांचा लॅपटॉप आहे, तसा धडधाकट, पण विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि ११ त्यावर चढत नाही. दुकानदार म्हणतो नवीन घ्या, बाबा म्हणतात चालतोय ना, मग कशाला? त्यांचं काम म्हणजे सोसायटीचे हिशेब, मराठी नोटिसा, मेल आणि नाट्यसंगीत. तुम्ही रोजच्याला ओपन सोर्समधलं (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) काय वापरता ते सांगा ना.

——
उत्तर (सध्या मुक्काम कोथरूड):

ताई, आल्या आल्या लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी ओपन सोर्स सिस्टिम) टाकायला बसू नकोस, बाबा वैतागतील आणि तू परत गेल्यावर शेजारच्या पोराला बोलावून पुन्हा विंडोज टाकून घेतील! आधी आहे त्याच विंडोजवर फायरफॉक्स ब्राउझर, वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस आणि गाणी-व्हिडिओंना व्हीएलसी टाक, थोडे दिवस हात बसू दे, कारण हीच तिन्ही लिनक्सवरही जशीच्या तशी आहेत, मग खालची सिस्टिम बदलली तरी त्यांना फारसं जाणवत नाही.

फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन आठवणीने टाक. म्हाताऱ्या माणसांना व्हायरसपेक्षा 'डाउनलोड' लिहिलेल्या खोट्या बटणांचा ताप जास्त, ती बहुतेक त्यानेच जातात. नाट्यसंगीताच्या जुन्या कॅसेटवरून केलेल्या फाइल्स बारीक ऐकू येतात ना, व्हीएलसीत आवाज १०० टक्क्यांच्या वर नेता येतो, बाबा खूश होतील. फोनमधले फोटो लॅपटॉपवर घ्यायला लोकलसेंड, वायर नको, फक्त दोन्ही एकाच वायफायवर हवेत. आणि तिकडून तुला स्क्रीन बघायची तर रस्टडेस्क, पण बाबांना बजावून ठेव की आयडी-पासवर्ड फक्त तुलाच द्यायचा, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला अजिबात नाही.

खरी कटकट नोटिसांची. त्या जुन्या, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण कोडच्या) आधीच्या फाँटमध्ये असतील तर लिब्रेऑफिसमध्ये उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल आणि सगळे म्हणतील सॉफ्टवेअर भिकार आहे. त्याचा दोष नाही, त्या फाइलीत मुळात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात, फाँट गेला की सोंग उतरलं. म्हणून सिस्टिम बदलायच्या आधी सगळ्या नोटिसा पीडीएफ करून ठेव आणि फाइलीत फाँटचं नाव काय दिसतं ते लिहून घे.

——
उत्तर (मंडळाच्या काकू):

मला नाही पटत हे थांबणं. अपडेट बंद झालेल्या मशीनवर नेटबँकिंग कशाला? आमच्या ह्यांच्या लॅपटॉपवर थेट लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, मेनू खाली डावीकडे जिथल्या तिथे, दोन दिवस कुरकुर केली मग गप्प. पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता, तेव्हा वायफाय, आवाज, प्रिंटर तिघांचं चालतंय का बघ. ४ जीबी रॅमवर बरं चालतं. फक्त बाबा डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं यूएसबीत लावायचं) वापरत असतील तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते आधी विचार.

——
उत्तर (ताई):

टोकन नाही, बँकेचं सगळं फोनवरच करतात. म्हणजे मिंट टाकायला हरकत नाही. नोटिसा मात्र जुन्याच फाँटमध्ये आहेत, आत्ताच फोनवर विचारलं, फोल्डरभर! लिब्रेऑफिस लिब्रेऑफिस करताय पण ओपनऑफिस नाही का चालणार, ते मला माहितीये?

——
उत्तर (कोथरूड):

काकूंचं नेटबँकिंगचं म्हणणं बरोबर आहे, तोवर फोनच बरा. ओपनऑफिस नको, २०१० मध्ये त्यातूनच लिब्रेऑफिस वेगळं झालं आणि तेव्हापासून खरं काम इकडेच चाललंय. बाबांच्या एक्सेल फाइली उघडतील, मॅक्रो (फाइलीत बसवलेल्या, आपोआप चालणाऱ्या सूचना) असतील तर तेवढे तपासून घे.

नोटिसा युनिकोडमध्ये आणायला फाँटप्रमाणे वेगवेगळे कन्व्हर्टर मिळतात, पण एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आणि बदलल्यावर डोळ्यांखालून घालायच्याच, जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, तिथेच घोळ होतो. 'वार्षिक'सारखे शब्द आधी बघ. सगळं फोल्डर नको करूस, दरवर्षी पुन्हा लागतात तेवढ्याच, पाणी, मेंटेनन्स आणि सर्वसाधारण सभा. बाकीच्यांना पीडीएफ पुरे.