प्रतिसाद: बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको एकाच टाकीत?

वर विचारलंय, बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको हे दोन जातींचे पाळीव सरडे चार फुटी टाकीत एकत्र ठेवलेत, कासवही त्यातच सोडायचा विचार आहे; दोघं भांडत नाहीत, उलट एकमेकांच्या अंगावर बसतात, मग हरकत काय? हरकत तीच आहे. अंगावर बसणं म्हणजे माया नव्हे. बहुतेक वेळा ती उबदार जागेवरची सरळसरळ दादागिरी असते, आणि खाली दबलेला उपाशी राहतो. गेकोची शेपटी रोज नीट बघा. तो चरबी शेपटीत साठवतो. ती मुळाशी बारीक होऊ लागली, की समजा त्याचं बिनसलंय.

ड्रॅगन ऑस्ट्रेलियाचा, दिवसा उन्हात पडणारा. त्याला शेकायला ४० अंशांच्या आसपास जागा आणि भरपूर यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) लागतो. गेको अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या खडकाळ भागातला, संधिप्रकाशात बाहेर पडणारा. त्याला ३२-३३ अंश पुरतात. एकाची सोय केली की दुसऱ्याची गैरसोय. शिवाय ड्रॅगन दीड-दोन फुटांचा होतो. तोंडात मावेल ते खातो, लहान गेकोसुद्धा.

मला खरी धास्ती रोगांची वाटते. कासवांच्या पोटात एन्टामीबा इन्व्हाडेन्स हा परजीवी बहुधा काही त्रास न देता राहतो, पण तोच साप-सरड्यांचा जीव घेऊ शकतो. गेकोंमधला क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला परजीवी तर नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. तेव्हा कासवही त्यातच सोडायचा विचार कृपया सोडा.

आजच दोघांना वेगळं करा. दुसरी टाकी येईपर्यंत गेकोला झाकणाला भोकं पाडलेला मोठा प्लास्टिकचा डबा, खाली टिश्यू पेपर, लपायला जागा, पाणी आणि एका टोकाला थर्मोस्टॅट (तापमान आवरणारं यंत्र) लावलेली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, चालेल. दोघांची विष्ठा तपासून घ्या.