टेकडीवरच्या कोळ्यासाठी मॅक्रो: ३०, ९० की नुसतं रेनॉक्स?

गवतातला मी
कॅमेरा सोनी ए६४००, सोबत १६-५० आणि ५५-२१० मिमीच्या झूम लेन्स. पाऊस सुरू झाल्यापासून रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो. पायवाटेच्या कडेच्या गवतात उडी मारणारे कोळी चिक्कार आहेत, पण माझ्या फोटोत तिळाएवढे येतात. मॅक्रो लेन्स घ्यायची, एकच. माझा कल सोनीच्या ३० मिमी एफ ३.५ कडे आहे. हलकी, स्वस्त आणि १:१ देते. ९० मिमी एफ २.८ सुद्धा १:१ च देते, मग तिला एवढे जास्त पैसे कशाचे? विरोध करा, पण कारण सांगून करा.

चतुरशिंगी
१:१ म्हणजे कोळी सेन्सरवर त्याच्या खऱ्या मापात उमटतो, एवढंच. त्यासाठी त्याच्या किती जवळ जावं लागेल, ते या आकड्यात येत नाही. ३० च्या माहितीत कमीत कमी फोकस अंतर ९.५ सेंमी लिहिलेलं असतं, पण ते सेन्सरपासून मोजलेलं असतं. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की काचेपुढे अडीच सेंमीसुद्धा उरत नाही. तेवढ्यात कोळी पसार. नाहीच गेला, तर लेन्सची सावली त्याच्या अंगावर. ९० चं अंतर २८ सेंमी आहे, त्यातले साधारण १३ काचेपुढे उरतात. जास्तीचे पैसे त्या वरच्या दहा सेंमीचे. मी ही अक्कल ३० घेऊन आणि वर्षभरात निम्म्या किमतीला विकून मिळवली.

कंदीलपुष्प
मॅक्रो म्हटलं की सगळ्यांना किडेच कसे आठवतात? मी फुलं काढते. फूल उडून जात नाही. ९० मधून काढलं की मागे नुसती हिरवी धुरकट भिंत, फूल कासचं की कुंडीतलं हे कळायला मार्ग नाही. ५० मिमीची मॅक्रो घेऊन जवळ गेलं की मागचा कातळ, साचलेलं पाणी, ढग, सगळं थोडंथोडं येतं. ड्रॉसेरा काढताना तो ओला कातळ दिसलाच पाहिजे, तिथल्या मातीत पोषण नाही म्हणून तर ती किडे खाते. आणि ५० रोजच्या वापरालाही चालते.

चतुरशिंगी
@कंदीलपुष्प, फुलांपुरतं मान्य. पण सीतेची आसवं वाटेपासून हातभर आत असली की काय करता? त्यांच्यासाठी बाकीची फुलं तुडवत आत शिरणारे बघितलेत मी. तिथे लांबची लेन्स बरी.

कंदीलपुष्प
वाटेकडेला एखादं सापडेपर्यंत थांबते. घाई किडेवाल्यांना.

काटकसर
दोघंही त्याचा खिसा कापायला बसलेत. दादा, तुमच्याकडे ५५-२१० आहे ना? तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० हे भिंग लावा. ८ डायॉप्टर ताकदीचं आहे, म्हणजे फोकल लेंथ १२५ मिमी. लेन्स अनंतावर ठेवून हिशोब सोपा: २१० भागिले १२५, जवळजवळ १.७ पट. तुमची ३० आणि ९० दोन्ही १ पटीला थांबतात. शिवाय झूम कुठेही ठेवा, किड्यापासूनचं अंतर १२ सेंमीच्या आसपासच राहतं. एकच मेख आहे. ५५-२१० चा पेच ४९ मिमीचा आणि रेनॉक्सचा चिमटा ५२ पासून पुढे बसतो, तेव्हा दोन्ही जोडणारी ४९-५२ ची स्टेप-अप रिंग आधी घ्या. मी ती विसरलो होतो आणि भिंग आठवडाभर टेबलावर पडून होतं.

चतुरशिंगी
कडा मऊ येतात ते सांगायचं राहिलं. आणि भिंग लावलं की लांबचं काहीच फोकस होत नाही. समोर टाचणी (चतुराची नाजूक बहीण) येऊन बसली की आधी चिमटा काढा, तोवर ती गेलेली.

काटकसर
कोळ्याचे डोळे फोटोच्या कडेला कोण ठेवतं?

एक फुल दोन हाफ
लाओवा ६५ एफ २.८ चं नाव कुणीच काढलं नाही. २ पट, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत, एपीएस-सी, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यासारख्या लहान सेन्सरसाठीच बनवलेली. फोकस हाताने. पण १:१ च्या पुढे ऑटोफोकस वापरतो कोण? फोकस एका जागी ठेवायचा, श्वास रोखायचा आणि आपणच मिलिमीटरभर पुढेमागे डोलायचं.

चतुरशिंगी
माझं वय बघा आणि मग डोलायला सांगा.

काटकसर
लेन्सवरून कितीही भांडा, दादांचं घोडं प्रकाशापाशी अडणार. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ठेवलं तरी १:१ ला प्रकाश साधारण एफ १६ इतकाच, म्हणजे पाव, पोचतो आणि फोकसमध्ये येणारा भाग मिलिमीटरभरही नसतो. पावसाळी सकाळी टेकडीवर ढग, वर वारा. ९० च्या स्टॅबिलायझरने फार तर तुमचा हात स्थिर होईल, गवत हलायचं थांबणार नाही. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पेटतो, तिथेच सगळं गोठतं. पुढे पांढऱ्या फोमच्या शीटची छत्री करा. छत्रीशिवाय मारलात तर कोळ्याच्या डोळ्यात ट्यूबलाइट दिसेल.

कंदीलपुष्प
एक विनंती. किडा हलतो म्हणून त्याला डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला इथे कुणी देऊ नका. मागे एकाने दिला होता.

गवतातला मी
काटकसररावांनी रविवारी रेनॉक्स आणि रिंग वापरायला दिली, आभार. चाळीस फोटो काढले, तीन धड आले. एकात चारही पुढचे डोळे धारदार आहेत, फक्त पाय फोकसबाहेर. ३० रद्द. आधी फ्लॅश घेतो, ९० चं दिवाळीत बघू.

चतुरशिंगी
दिवाळीत गवत वाळलेलं असेल.

काटकसर
तोवर रेनॉक्स तुमच्याकडेच असू द्या. रिंग मात्र परत करा, माझी ती एकच आहे.